दोन आज्यांचा करार

सोबैदाच्या नवऱ्याला तळ्याच्या पायरीवर गोळी घातली, तेव्हा तो नमाजाआधी हातपाय धूत होता. एक पाय धुऊन झाला होता, दुसरा राहिला होता. सोबैदा धावत गेली, त्याला उताणा केला, जीव गेलाय हे बघितलं, आणि आधी तो राहिलेला पाय धुतला. छाती बडवून घेतली ती त्यानंतर. असली बाई ती. लानाओ तळ्याकाठच्या आमच्या बुआदी गावात तिच्याइतकी तिखट जिभेची बाई नव्हती, आणि तिच्याइतकी शब्दाला पक्कीही नव्हती.

वैर कशावरून लागलं विचाराल तर सांगायला लाज वाटते. तळ्यात बांबू रोवून केलेलं माशांचं कुंपण वादळात हातभर सरकलं. शेजारच्या कुंपणवाल्यानं ते मुद्दाम सरकवलं म्हणून शिवी दिली. सोबैदाच्या नवऱ्यानं शिवीला कोयत्यानं उत्तर दिलं. माणूस होडीतच मेला, होडी सबंध दिवस लाल पाणी घेऊन डोलत होती. त्या मेलेल्या माणसाची बायको मंगोर्सी. पुढं मंगोर्सीच्या माणसांनी सोबैदाचा नवरा टिपला. सोबैदाच्या थोरल्यानं, मकापुंदागनं, मंगोर्सीचा थोरला मुलगा भर रस्त्यात मोटारसायकलवरून खाली ओढून मारला. आणि दीड वर्षानं मकापुंदाग भाताच्या खाचरात सापडला, तोही एका जागी नाही. सोबैदानं आपल्या हातानं त्याला गोळा केला. दोन त्यांचे, दोन यांचे. सुडाची पाळी आता सोबैदाच्या घराची होती, म्हणून मंगोर्सीची माणसं तिच्या उरलेल्या मुलाला आधीच टिपायला बसली होती, आणि हे गावातलं शेंबडं पोरही जाणत होतं.

याला आम्ही रिदो म्हणतो. रिदो लागला की बाप्ये दाराआड जातात आणि बायका बाहेर पडतात. बाईला हात लावायचा नाही, आणि ज्याची सुंता झाली नाही अशा पोराला हात लावायचा नाही. लावला तर घराण्याची इभ्रत मातीत जाते. बाप्याला मारलं तर मात्र इभ्रत वाढते म्हणे. जळो ती इभ्रत! पण आहे ती अशी आहे, आणि तिच्यापुढं भल्याभल्यांची अक्कल शेण खाते.

तर सोबैदाचा धाकटा, अलिओदिन, सात वर्षं घराबाहेर पडला नाही. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, दाराशी वाळूच्या गोण्या रचलेल्या. बाजारहाट सोबैदा करायची, पलापा कुटून विकायची. मिरची, आलं, पातीचा कांदा, भाजलेलं खोबरं. तिच्या पलाप्यासाठी लोक पलीकडच्या काठावरून होडीनं यायचे. सून अस्निया शेत बघायची. आणि अलिओदिन आत बसून पांढरा पडत चालला होता.

पण एक सांगते, आणि हे सोबैदानं स्वतः माझ्यापाशी कबूल केलं आहे. गावातल्या निम्म्या घरांतले बाप मनिलाला नाहीतर सौदीला. पोरांना बाप म्हणजे फोनवरचा आवाज. सोबैदाच्या नातवंडांचा बाप मात्र आठी प्रहर घरात. खैरोदिन आणि नैमा, दोघं. अलिओदिननं त्यांना अक्षरं शिकवली, कुराण शिकवलं, नैमाच्या वेण्या घालायला तो अस्नियापेक्षा चांगलं शिकला. संध्याकाळी लांबड्या खोलीत सिपा चालायचा. वेताचा चेंडू पायानं उडवायचा, जमिनीला टेकू द्यायचा नाही. भांडी पडायची, दिवा विझायचा. सोबैदा चुलीजवळून शिव्या मोजायची, आणि चेंडू तिच्याकडं आला की साठाव्या वर्षी कमरेचं नळीसारखं शिवलेलं मालोंग गुडघ्यापर्यंत खोचून अशी लाथ हाणायची की चेंडू आढ्याला लागावा.

एकदा खेळ ऐन रंगात आलेला असताना, अलिओदिनच्या आवाजावर नेम धरलेली, फळीतून गोळी आली. नैमाच्या डोक्यावरून वीतभर गेली आणि पलाप्याचं मडकं फोडून भिंतीत रुतली. सगळे जमिनीला चिकटले. आणखी चार आल्या. मग शांत झालं. नैमाच्या तोंडावर, केसांत, सगळीकडं लाल मसाला. अस्निया किंचाळली, तिला वाटलं पोरीचं डोकंच गेलं. नैमानं जीभ बाहेर काढून ओठ चाटला आणि म्हणाली, "अपो, मीठ कमी पडलंय."

आमच्याकडं आजी नातवंडाला अपो म्हणते आणि नातवंडंही आजीला अपोच म्हणतात. सोबैदाला हसू आवरेना. जमिनीवर पालथं पडून सगळं घर हसत होतं, डोळ्यांत तिखट गेलं म्हणून रडत होतं, आणि बाहेर मारेकरी चालते होत होते. त्या रात्री कुणी जेवलं नाही, पण इतकं सुख त्या घरात क्वचितच आलं असेल.

खैरोदिन दहाचा झाला तेव्हापासून सोबैदा दिवस मोजायला लागली. दहा-अकराला आमच्याकडं सुंता होते. सुंता झाली की तो बाप्या, आणि बाप्या झाला की मंगोर्सीच्या लोकांना त्याच्यावर नेम धरायला मोकळीक. अलिओदिन म्हणाला की पोराला किती दिवस लोंबकळत ठेवायचं, लोक तोंडात शेण घालतील. सोबैदानं त्याला सांगितलं की शेण धुता येतं. आणि एका सकाळी ती कुणाला न सांगता, डोक्यावर पलाप्याचं भांडं घेऊन, थेट मंगोर्सीच्या अंगणात जाऊन बसली.

बाईला कोण अडवणार? मंगोर्सीचा उरलेला मुलगा, कमार, बंदूक घेऊन वरच्या पायरीवर उभा होता. त्यानं मान फिरवली. मंगोर्सी खाली आली. दोघी तासभर एकमेकींना वाटेल ते बोलल्या. नवरे काढले, पोरं काढली, कुणी कुणाचं काय तोडलं ते सगळं काढलं. बोलून बोलून घसा सुकला तेव्हा मंगोर्सीनं पाणी दिलं, आणि सोबैदा मुद्द्यावर आली. मंगोर्सीच्या मेलेल्या थोरल्याचा मुलगा सैदामेन खैरोदिनच्याच वयाचा. एक तुझा, एक माझा. दोघांचीही सुंता करायची नाही. जोवर दोघं पोरं आहेत तोवर कुणी त्यांना हात लावणार नाही. वीस वर्षांची होईपर्यंत पोरंच ठेवू, लोक हसले तर हसोत.

"आणि तू फसवलंस तर?" मंगोर्सीनं विचारलं.

"मी आजवर कुणाला फसवलंय?"

मंगोर्सीनं विचार केला. शत्रू असली तरी खरं तेच बोलली. म्हणाली, नाही फसवलंस. दोघींनी कुराणावर हात ठेवला. निघताना मंगोर्सीनं पलाप्याचं भांडं ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी रिकामं परत पाठवलं, घासून लख्ख.

तीन वर्षं करार टिकला. दोन म्हाताऱ्यांनी तीन वर्षं ते करून दाखवलं जे सुलतान, मेयर आणि फौज, कुणालाच जमलं नव्हतं. सैदामेन आजीची माशांची टोपली घेऊन बाजारात मोकळा फिरायचा. खैरोदिन मदरशात जायचा. वाटेत दोघं समोरासमोर आले की मान खाली घालून बाजूला व्हायचे. दोघांचं दुःख एकच होतं ना. मदरशातली पोरं दोघांनाही सोडत नसत. तेरा वर्षांची घोडी, मिसरूड फुटायला लागलेलं, आणि सुंता नाही! नमाजाच्या ओळीत शेजारी उभं राहायला पोरं नाकं मुरडत. कुणीतरी खैरोदिनच्या वहीत बायकांच्या ओढणीचं चित्र काढून ठेवलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तुझ्या काकाला कापून खाचरात फेकला आणि तू आजीच्या मालोंगमध्ये लपतोस, असं त्याला रोज ऐकवलं जायचं.

पोर घरी येऊन भिंतीला डोकं आपटायचं. सोबैदानं त्याला जवळ घेतलं की ढकलून द्यायचं. एकदा तर त्यानं तिच्या अंगावर खलबत्त्याचा दांडा उगारला. सोबैदानं तो हिसकून घेतला आणि त्याच दांड्यानं पोराला असा झोडला की पाठीवर वळ उठले. मग तीच रात्रभर वळांवर तेल चोळत बसली. चोळताना म्हणाली, की अपो, तू जिवंत राहा आणि माझा द्वेष कर, मला चालेल.

रोजे संपले, ईद झाली, आणि ईदच्या चौथ्या दिवशी सोबैदानं बघितलं की खैरोदिन मालोंग अंगापासून दोन बोटं पुढं धरून फेंगडा चालतोय. दोन मुलगे वाढवलेली बाई, तिला काय सांगायला हवं? मदरशातल्या पोरांबरोबर पलीकडच्या गावात जाऊन तो सुंता उरकून आला होता.

तिनं भांडं खाली टाकलं आणि पोराच्या मुस्काटात ठेवून दिली. तो हलला नाही. पहिल्यांदाच हलला नाही.

अलिओदिनला कळलं आणि त्याला आनंद मावेना. सात वर्षांत पहिल्यांदा त्या पांढऱ्या माणसाच्या तोंडावर रंग आला. त्यानं पोराला मिठी मारली, उचलायला गेला, पोर ओरडलं, मग दोघं हसले. अस्नियानं पिवळा भात रांधला, हळदीचा, नारळाच्या दुधातला. राखून ठेवलेला कोंबडा कापला. खैरोदिनला मधोमध बसवलं, बापानं आपल्या ताटातली तंगडी त्याच्या ताटात ठेवली. नैमा त्याच्यासमोर मुद्दाम चेंडू उडवायची आणि म्हणायची, ये ना बाप्या, खेळ ना! त्याला उठताही येत नव्हतं. सगळे खो खो हसत होते.

सोबैदा कोपऱ्यात बसून बघत होती. तिला ठाऊक होतं, सकाळी उठून मंगोर्सीकडं जायचं आणि सांगायचं: माझ्याकडून करार मोडला, तुझ्या पोराला सांभाळ, माझ्या पोराला मी सांभाळते. शब्दाची बाई होती ती. पण सांगितलं की त्या क्षणापासून खैरोदिन सावज. आणि नाही सांगितलं तर? कुणाला कळणार होतं? पोराची जखम भरेल, मालोंगखाली कोण बघतंय? तिनं स्वतःलाच सांगितलं, की चार दिवस जाऊ देत.

मग अलिओदिन उठला. आढ्यातून मकापुंदागचं पिस्तूल काढलं, फडक्यात गुंडाळलेलं. ते त्यानं पोराच्या हातात दिलं. "काकाचं आहे," म्हणाला. "हातात धरून बघ, बाप्या."

अस्नियाच्या हातातला डाव थांबला. तिनं सासूकडं बघितलं. सोबैदानं तोंड उघडलं, आणि मिटलं. अलिओदिन हसत होता. सात वर्षं हसला नव्हता तो असा. ती संध्याकाळ मोडायची तिची छाती झाली नाही. मला म्हणाली, "मी जन्मभर सगळ्यांना बोलले, आणि बोलायचं त्या दिवशी गप्प बसले." चार दिवस जाऊ देत म्हणणारी ती, तिचे पाच गेले.

सुंतेनंतर नवव्या दिवशी गुरुवारचा बाजार होता. सोबैदा पलापा घेऊन बसली होती. मासळीच्या रांगेत मंगोर्सी, तिच्याजवळ सैदामेन बर्फ फोडत होता. खैरोदिन कधी आला कुणी बघितलं नाही. मालोंगच्या घोळात पिस्तूल होतं. सैदामेननं त्याला बघितलं आणि नेहमीसारखी मान खाली घालून तो बाजूला झाला. वाट दिली त्यानं. खैरोदिननं दोन पावलांवरून, ज्याला हात लावायचा नसतो अशा त्या पोराच्या गळ्यात गोळी घातली.

पोर बर्फावर पडलं. हातपाय झाडले, तोंडातून बुडबुडे आले. मंगोर्सीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी गळा दाबून धरला, रक्त बोटांतून कोपरापर्यंत आलं. तिला वाटत होतं घट्ट धरलं तर थांबेल. बाजार ओस पडला, पाट्या उलथल्या, मासे पायाखाली. खैरोदिन होता तिथंच उभा. पळायला हवं हे त्याच्या डोक्यातच आलं नसावं, आणि आलं असतं तरी त्याला धड धावता कुठं येत होतं?

सोबैदा पोहोचली. पिस्तूल हिसकून गटारात फेकलं, पोराला ओढून आपल्या मालोंगमध्ये घेतलं आणि वरून दोन्ही हातांनी कापड आवळलं. एका मालोंगमध्ये दोन माणसं मावतात. लहानपणी त्याला अशीच झोपवायची ती.

कमार आला, मागं दोन चुलतभाऊ. त्यानं पुतण्याकडं बघितलं आणि बंदूक खांद्याला लावली. समोर सोबैदा. "बाजूला हो," कमार म्हणाला. ती हलली नाही. तिच्यातून गोळी घालणं त्याला शक्य नव्हतं, आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

तेव्हा मंगोर्सी बोलली. ओरडली नाही. सैदामेनचा जीव तोवर गेला होता, तरी तिचे हात गळ्यावरच होते.

"सोबैदा, तुझा नातू पोर आहे की बाप्या? तू सांगशील ते मी मानेन."

सगळा बाजार ऐकत होता. पोर असेल तर त्याला मारता येत नाही. भरपाई मागता येते, बापाला मारता येतं, पोराला नाही. सोबैदा म्हणाली, "पोर आहे."

"कुराणावर सांगितल्यासारखं सांग."

"अल्लाशपथ. पोर आहे, मंगोर्सी. अडाणी पोर आहे ते."

मंगोर्सीनं डोळे मिटले. मग कमारला म्हणाली, "बंदूक खाली घे. ती खोटं बोलत नाही." कमारचा जबडा हलत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण त्यानं बंदूक खाली घेतली. आईचा शब्द मोडणारा तो नव्हता.

वाचलं होतं पोर. घरी नेलं असतं, रातोरात होडीत घातलं असतं, कुठंही पाठवलं असतं. पण मासळीच्या फळ्यांमागं मदरशातली पोरं उभी होती, तीच, सगळी. खैरोदिननं त्यांच्याकडं बघितलं. मग त्यानं आजीचे हात सोडवले. ती आवळत होती, तो एकेक बोट उचकटत होता, आणि तेरा वर्षांच्या पोराला साठीच्या बाईपेक्षा जास्त जोर असतो. तो मालोंगमधून बाहेर आला आणि फुटक्या आवाजात, निम्मा बाप्याचा निम्मा पोराचा, म्हणाला:

"खोटं बोलते ती. माझी सुंता झालीय. आज नववा दिवस."

सोबैदानं त्याच्यावर झेप घेतली. त्या दोन चुलतभावांनी तिला मधेच धरलं. दंडाला धरलं, मालोंगला नाही. उचलून पाच पावलं बाजूला नेलं, अलगद. तिची ओढणी सरकली तर एकानं ती नीट डोक्यावर ठेवली. ती त्यांना चावत होती, नखं रोवत होती, आणि ते तिला म्हणत होते, जपून, बाबो, काच आहे खाली. बाबो म्हणजे मावशी. तिला खरचटलंसुद्धा नाही.

कमारनं तीन गोळ्या घातल्या. पहिलीतच तो गेला होता.

तीन त्यांचे, तीन यांचे. घराण्यांत कोवळा मुलगा कुणी उरला नाही तेव्हा शहाण्या माणसांना दिलजमाई सुचली. अलिओदिननं मुलाला पुरायला सात वर्षांत पहिल्यांदा उंबरा ओलांडला, कुणी गोळी घातली नाही, आणि तिथंच तो खड्ड्याच्या कडेला बसून राहिला. चाळिसाव्या दिवशी सुलतानाच्या अंगणात दोन्ही घराण्यांना जेवायला बसवलं. बाप्यांनी कुराणावर हात ठेवले, गळाभेट घेतली, भाषणं झाली. बायकांच्या पंगतीत सोबैदा आणि मंगोर्सी समोरासमोर बसल्या होत्या. मी सोबैदाच्या शेजारी होते. दोघींच्या ताटातलं काही कमी झालं नव्हतं.

मग मंगोर्सीनं विचारलं, "करार मोडलास ते मला सांगितलंस का नाही?"

सोबैदा म्हणाली, "भ्याले. तू माझ्या जागी असतीस, आणि तुझ्या सैदामेननं केलं असतं, तर तू सांगितलं असतंस?"

मंगोर्सीनं खरंच विचार केला. "नसतं सांगितलं," ती म्हणाली. "मीही खोटंच बोलले असते." मग ताटातला भात बोटानं एका कडेला सारत म्हणाली, "पण माझ्यावर ती वेळच आली नाही, सोबैदा. त्यालाही सगळे हसायचे. तोही रडायचा. तरी मी नको म्हटलं, आणि तो थांबला."

सोबैदानं हात धुतला, आणि पंगत उठेपर्यंत ती तिथंच बसून राहिली.